सोनोग्राफी यंत्राच्या खरेदीत प्रोब आणि प्रीसेटचाही विचार व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या ग्रामीण रुग्णालयाला, उपजिल्हा रुग्णालयाला किंवा धर्मादाय इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाला नवे सोनोग्राफी यंत्र मिळाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर अधूनमधून येत असतात. देणगीदाराचे नाव, यंत्राची किंमत आणि फीत कापतानाचे छायाचित्र एवढा मजकूर त्यात असतो. यंत्रासोबत कोणते प्रोब, म्हणजे रुग्णाच्या अंगावर टेकवून ध्वनिलहरी सोडणारे आणि परत टिपणारे हातात धरायचे भाग आले, हे मात्र कधीच छापून येत नाही. बातमीदाराचा यात दोष नाही, कारण खरेदी करणाऱ्यांनीही तो प्रश्न बहुधा विचारलेला नसतो. भूलतज्ज्ञ म्हणून शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात काम करताना माझे असे मत झाले आहे की, रुग्णाच्या खाटेशेजारी केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीचा उपयोग होणार की नाही, हे यंत्राच्या किमतीपेक्षा त्याला जोडलेल्या प्रोबवर आणि तपासणी सुरू करताना निवडलेल्या प्रीसेटवर, म्हणजे त्या त्या अवयवासाठी यंत्रात आधीच ठरवून ठेवलेल्या मांडणीवर, अधिक अवलंबून असते. या विषयाची चर्चा डॉक्टरांच्या बैठकांपुरती राहते. खरेदीचा निर्णय मात्र जिल्हा नियोजन समित्या, विश्वस्त मंडळे आणि देणगीदार घेतात, म्हणून हे पत्र वर्तमानपत्राला लिहीत आहे.

क्ष-किरणतज्ज्ञ करतात ती सोनोग्राफी आणि खाटेशेजारची सोनोग्राफी यांतला फरक आधी सांगायला हवा. क्ष-किरणतज्ज्ञ एखाद्या भागाची संपूर्ण पाहणी करून अहवाल देतात. खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते आणि तेही त्या मिनिटाला: अपघातातल्या रुग्णाच्या पोटात रक्त साचले आहे काय, धाप लागलेल्याच्या फुफ्फुसात पाणी झाले आहे की फुफ्फुसाबाहेर हवा साठली आहे, रक्तदाब कोसळलेल्याचे हृदय नीट आकुंचन पावते आहे काय, सुईचे टोक शिरेतच आहे काय. हे चारही प्रश्न एकाच प्रोबने आणि एकाच प्रीसेटवर सोडवण्याचा प्रयत्न आपल्याकडे सर्रास होतो. उत्तर चुकीचे आले की दोष सोनोग्राफीला दिला जातो.

यामागचे भौतिकशास्त्र अवघड नाही. लांबून येणाऱ्या वरातीतला ढोल आपल्याला ऐकू येतो, सनई येत नाही. ध्वनिलहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकी ती वाटेत लवकर विरते. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये दर सेंटिमीटरला आणि दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल इतकी ही घट धरतात. त्या हिशेबाने १० सेंटिमीटर खोल असलेल्या अवयवाकडे ३ मेगाहर्ट्झची लहर पाठवली, तर जाऊन-येऊन ३० डेसिबल घट होते, म्हणजे केवळ वाटेतल्या या घटीमुळे तिची तीव्रता हजारपटीने कमी होते. त्याच खोलीवर १० मेगाहर्ट्झची लहर पाठवली, तर घट १०० डेसिबल, म्हणजे तीव्रता हजार कोटीपटीने कमी. पडद्यावर काळोखाखेरीज काही उरत नाही. उलट त्वचेखाली दोन सेंटिमीटरवर असलेल्या मज्जातंतूचे बारकावे ३ मेगाहर्ट्झच्या लहरीत एकमेकांत मिसळून जातात, ते उच्च वारंवारतेलाच सुटे दिसतात. खोली हवी की बारकावा हवा, ही निवड रुग्ण पाहून दरवेळी करावी लागते आणि ती करण्याचे साधन म्हणजे प्रोब.

सर्वसाधारण कामासाठी तीन प्रोब लागतात. साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा, वक्र तोंडाचा कॉन्व्हेक्स प्रोब पोटासाठी. साधारण ६ ते १३ मेगाहर्ट्झचा, सपाट तोंडाचा लिनियर प्रोब शिरा, मज्जातंतू आणि फुफ्फुसाचे आवरण यांसाठी. आणि १ ते ५ मेगाहर्ट्झचा, फासळ्यांच्या फटीत मावेल अशा लहान तोंडाचा सेक्टर प्रोब, ज्याला इस्पितळात सगळे ‘इकोचा प्रोब’ म्हणतात, तो हृदयासाठी. लहान मुलांच्या विभागात यात थोडा फरक पडतो, पण तो वेगळा विषय आहे. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की आधी गर्भवतीची तपासणी आणि पोटदुखी आठवते, त्यामुळे यंत्रासोबत कॉन्व्हेक्स हटकून येतो आणि बाकीचे दोन ‘पुढच्या टप्प्यात’ जातात. तो टप्पा बहुधा येत नाही.

याचा परिणाम सेंट्रल लाइन, म्हणजे औषधांसाठी मोठ्या नीलेत घालायची नळी, घालताना सगळ्यांत आधी दिसतो. मानेतली मोठी नीला त्वचेखाली जेमतेम एक-दोन सेंटिमीटरवर असते आणि तिला खेटून मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी असते. लिनियर प्रोब आडवा धरला की दोन काळी वर्तुळे शेजारी शेजारी दिसतात. प्रोबने हलकेच दाबले की नीला चपटी होते आणि रोहिणी गोलच राहून ठोके देत असते. यात शंकेला जागा उरत नाही आणि सुईचे टोक पुढे सरकताना बघता येते. कॉन्व्हेक्सचे सहा सेंटिमीटरचे तोंड आखूड मानेवर नीट टेकतही नाही, आणि टेकले तरी त्याच्या चित्रातले पहिले दोन सेंटिमीटर नेमके गढूळ असतात. मग डॉक्टर प्रोब बाजूला ठेवतो आणि जुन्या पद्धतीने, हाताच्या अंदाजाने सुई घालतो. लाखो रुपयांचे यंत्र दोन हातांवर उभे असताना हे घडते.

प्रोबपेक्षाही दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे प्रीसेट. यंत्र सुरू केल्यावर ‘पोट’, ‘हृदय’, ‘रक्तवाहिनी’, ‘गर्भ’ अशी यादी येते, ती केवळ नावांची यादी आहे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या एका नावामागे वारंवारता, खोली, फोकस, करड्या छटांची व्याप्ती, एका सेकंदात किती चित्रे घ्यायची, लागोपाठची किती चित्रे एकात मिसळायची, डॉप्लरचा (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीचा) वेग किती धरायचा, ऊर्जा किती सोडायची असे कितीतरी निर्णय कंपनीच्या अभियंत्यांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात. ते त्या अवयवासाठी योग्यच असतात, पण दुसऱ्या अवयवासाठी तेच निर्णय दिशाभूल करू शकतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण फुफ्फुसाचे आहे. हवेने भरलेल्या फुफ्फुसातून ध्वनी पलीकडे जातच नाही; पडद्यावर दिसतात त्या आवरणावरून परावर्तित झालेल्या लहरींनी निर्माण केलेल्या आभासी रेषा. निरोगी फुफ्फुसात आवरणाच्या समांतर, सारख्या अंतरावर आडव्या रेषा दिसतात, त्यांना ए-रेषा म्हणतात. फुफ्फुसात पाणी झाले की आवरणापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत न विरता जाणारे उभे पांढरे पट्टे दिसतात, त्या बी-रेषा; एका फासळी-फटीत अशा तीन किंवा अधिक रेषा दिसल्या तर त्याची दखल घेतात. अडचण अशी की, पोटाच्या प्रीसेटचा सगळा भर असे आभास पुसून चित्र सुबक करण्यावर असतो. ‘कंपाउंड’ नावाची सोय वेगवेगळ्या कोनांतून चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढते आणि ‘पर्सिस्टन्स’ लागोपाठची चित्रे मिसळून कण-कण दिसणे कमी करते. यकृत पाहताना हे उपकारक आहे. फुफ्फुस पाहताना मात्र रोगाची खूणच त्यात पुसली जाते.

नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना हे शब्दांत सांगून पटत नाही, म्हणून मी ते प्रत्यक्षच दाखवतो. डायलिसिस चुकलेला, पायांवर सूज असलेला, उशाला तीन उशा घेऊन बसलेला रुग्ण असतो. कॉन्व्हेक्स प्रोब त्याच्या छातीच्या उजव्या बाजूला, दोन फासळ्यांच्या मध्ये उभा धरायचा आणि यंत्र पोटाच्या प्रीसेटवर ठेवायचे. पडद्यावर मऊ, एकसारखी राखाडी छटा दिसते, कुठे कुठे पंख्यासारखा पसरलेला पुसट उजेड. “फुफ्फुस ठीक वाटतंय, सर,” असे कोणीतरी म्हणतेच. मग हात जागचा न हलवता कंपाउंड बंद करायचे, ‘हार्मोनिक’ ही चित्र स्वच्छ करणारी आणखी एक सोय बंद करायची, पर्सिस्टन्स शून्याकडे आणायचा आणि फोकस आवरणाच्या रेषेवर घ्यायचा. त्याच जागी आवरणापासून तळापर्यंत चार पांढरे पट्टे उभे राहतात आणि श्वासाबरोबर डावीउजवीकडे सरकू लागतात. रुग्ण तोच, प्रोब तोच आणि जागाही तीच असते. इतके झाल्यावर पुढच्या वेळी तो डॉक्टर जेली हातात घेण्याआधी पडद्याचा वरचा कोपरा वाचतो.

फुफ्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका असेल तर मात्र लिनियर प्रोब बरा, कारण तेव्हा पाहायचे असते ते आवरणाच्या दोन पदरांचे एकमेकांवर सरकणे आणि ती हालचाल मिलिमीटरच्या हिशेबातली असते. तिथेही पर्सिस्टन्स जास्त असला तर सरकणे अंधुक होते आणि निरोगी माणसाच्या छातीत नळी घालायची तयारी सुरू होऊ शकते. कंपाउंडमुळे पित्ताशयातल्या खड्यामागची काळी सावलीही फिकी पडते, हे जाता जाता सांगतो, म्हणजे सुबकपणाची किंमत पोट पाहतानाही कधी कधी मोजावी लागते.

हृदयाच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. झडपा झपाट्याने हलतात, म्हणून दर सेकंदाला भरपूर चित्रे लागतात. ध्वनीचा वेग शरीरात सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असल्यामुळे २४ सेंटिमीटर खोलीपर्यंत जाऊन परत यायला एका रेषेला सुमारे ३१२ मायक्रोसेकंद लागतात, आणि १२८ रेषांचे एक चित्र धरले तर सेकंदाला पंचवीसच चित्रे होतात. खोली १५ सेंटिमीटरवर आणली की तीच संख्या चाळीस होते. त्यावर कंपाउंडसाठी पाच कोन घेतले तर पुन्हा पाचाने भागायचे. पोटाच्या प्रीसेटवर हृदय पाहिले तर ते सुस्त आणि धूसर दिसते, ते एवढ्यासाठी. दुसरी अडचण दिशेची आहे. हृदयाच्या प्रीसेटमध्ये पडद्यावरची दिशादर्शक खूण उजवीकडे असते आणि पोटाच्या प्रीसेटमध्ये डावीकडे, त्यामुळे इकोसाठी शिकवलेल्या पद्धतीने प्रोब धरून पोटाच्या प्रीसेटवर पाहिले तर डावे-उजवे उलटे होते. फुफ्फुसाच्या रोहिणीत गुठळी अडकल्याची शंका असते तेव्हा उजवा कप्पा डाव्यापेक्षा फुगला आहे काय, हाच प्रश्न असतो. तिथे आरशातले चित्र पाहून निर्णय घेणे कोणालाच परवडणारे नाही.

डॉप्लरबद्दल एवढेच म्हणेन की, रोहिणीच्या प्रीसेटवर वेगाची पट्टी आणि संथ हालचाल वगळणारी गाळणी दोन्ही चढ्या असतात, म्हणून नीलेतला संथ प्रवाह रंगात उमटत नाही आणि चांगली वाहती शीर गुठळीने बंद झाल्यासारखी भासते. पायातली गुठळी शोधताना रंगाच्या नादी न लागता दर थोड्या अंतरावर शीर दाबून ती पूर्ण मिटते की नाही हे पाहावे.

डोळ्याचा मुद्दा मात्र सुरक्षिततेचा आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात मेंदूवरचा दाब वाढल्याचा अंदाज घेण्यासाठी पापणीवर जाड जेली घालून, लिनियर प्रोब न दाबता, नेत्रगोलाच्या मागे तीन मिलिमीटरवर दृष्टिमज्जेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या) आवरणाचा व्यास मोजतात. हे तंत्र आता लहान शहरांतही पोहोचले आहे. डोळ्याच्या सोनोग्राफीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेकॅनिकल इंडेक्सची (ध्वनिलहरींच्या दाबाने ऊतींना इजा होण्याची शक्यता दाखवणाऱ्या, पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याची) मर्यादा ०.२३ ठेवली आहे. इतर अवयवांसाठी ती १.९ आहे. रक्तवाहिनीच्या किंवा मज्जातंतूच्या प्रीसेटवर डोळा पाहिला तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, आणि चित्र तर छानच दिसते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. अनेक यंत्रांत डोळ्याचा प्रीसेट वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. तो घेतलेला नसेल तर निदान ऊर्जा हाताने कमी करून पडद्यावरचा आकडा पाहावा, आणि तेही जमत नसेल तर डोळ्याची तपासणी करूच नये.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. फुफ्फुसाच्या सोनोग्राफीचा पाया घालणाऱ्यांपैकी अग्रगण्य असे फ्रान्सचे डॉ. डॅनिएल लिख्तेनस्टाइन यांनी २००८ मध्ये ‘ब्लू प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला. तीव्र धाप लागून अतिदक्षता विभागात आलेल्या २६० रुग्णांत केवळ सोनोग्राफीने ९०.५ टक्के वेळा योग्य निदान झाले, असे त्यात नमूद आहे. आणि ते स्वतः साध्या, जुन्या धाटणीच्या यंत्राचा आणि सर्व अवयवांसाठी एकाच मायक्रोकॉन्व्हेक्स, म्हणजे लहान वक्र तोंडाच्या प्रोबचा पुरस्कार करतात. मग तीन प्रोबचा आग्रह कशासाठी, असे विचारले जाते. माझे उत्तर असे की, त्यांचा एक प्रोब निवडीचा भाग आहे, आपला एक प्रोब निविदेतल्या काटकसरीचा. शिवाय त्यांच्या यंत्रात चित्र सुबक करणाऱ्या गाळण्याच नव्हत्या, म्हणून त्यांना प्रीसेटची फिकीर करावी लागली नाही. आज विकत मिळणाऱ्या यंत्रात त्या गाळण्या सुरू असलेल्याच येतात. त्यांचे उदाहरण माझ्या म्हणण्याला खोडत नाही, उलट प्रीसेटबाबत बळच देते.

दुसरा पर्याय म्हणून हल्ली मोबाइल फोनला जोडायच्या प्रोबकडे बोट दाखवले जाते. अमेरिकेत २०१७ मध्ये ‘बटरफ्लाय आयक्यू’ या उपकरणाला परवानगी मिळाली. त्यात प्रोबमध्ये ध्वनिलहरी निर्माण करणाऱ्या नेहमीच्या स्फटिकांऐवजी सिलिकॉनच्या चिपवर हजारो सूक्ष्म संवेदक असतात आणि फोनवर प्रीसेट बदलला की तोच प्रोब कधी लिनियरसारखा, कधी सेक्टरसारखा काम करतो. कल्पना उत्तम आहे, पण अशा उपकरणात प्रोबची निवडही प्रीसेटमध्येच सामावलेली असल्याने चुकीच्या प्रीसेटचा फटका तिथे दुप्पट बसतो.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात कायद्याचा प्रश्न आला असेल. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून तो गर्भधारणापूर्व तंत्रांनाही लागू आहे. २०१२ मध्ये नियमांत भर घालून सुवाह्य यंत्राचा वापर नोंदणीकृत ठिकाणच्या दाखल रुग्णांपुरता आणि विविध सेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकांपुरता मर्यादित केला गेला. हे निर्बंध सैल करावेत असे मी म्हणणार नाही. ० ते ६ वयोगटातील मुलींचे प्रमाण राज्यात २००१ च्या जनगणनेत हजार मुलांमागे ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले, हे विसरता येत नाही. लिनियर प्रोबच्या यंत्रांना कायद्यातून वगळावे अशी सूचना काही सहकारी करतात, तीही मला पटत नाही, कारण वर सांगितलेल्या चिपच्या उपकरणांनी प्रोबच्या आकारावरून उद्देश ठरवण्याची सोय ठेवलेली नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कायद्याच्या धाकाने अनेक ठिकाणी नोंदणी केलेले यंत्रसुद्धा कुलपात राहते, किल्ली एका कपाटात आणि प्रोब दुसऱ्या कपाटात, आणि रात्री दोन वाजता आलेल्या अपघातग्रस्ताला त्याचा उपयोग होत नाही. नोंदवही, नोंदणीकृत डॉक्टर आणि यंत्राची ठरलेली जागा, एवढे सांभाळून ते अतिदक्षता विभागात चोवीस तास हाताशी ठेवता येते. काही इस्पितळे तसे करतातही.

खरेदी करणाऱ्यांकडे माझे मागणे असे की, निविदेत ‘सुवाह्य सोनोग्राफी यंत्र, एक नग’ असे न लिहिता यंत्र कोणत्या विभागात जाणार हे आधी ठरवावे आणि त्यानुसार प्रोब लिहावेत. शस्त्रक्रियागृहासाठी एकच प्रोब परवडत असेल तर तो लिनियर असावा. अपघात विभागासाठी कॉन्व्हेक्स आधी आणि लिनियर त्याच्या पाठोपाठ, आणि अतिदक्षता विभागात तिन्ही हवेत. पैसे कमी पडत असतील तर पडद्याचा आकार किंवा त्रिमितीय चित्राची सोय सोडावी, प्रोब सोडू नये. गर्भाच्या चेहऱ्याचे त्रिमितीय चित्र अतिदक्षता विभागात कोणालाही लागत नाही, तरी ते वैशिष्ट्य निविदांत दिसते, कारण तपशील दुसऱ्या विभागाच्या जुन्या निविदेतून उतरवलेला असतो.

यंत्र बसवायला कंपनीचा अभियंता येतो, त्या दिवशी साहेबांच्या उपस्थितीत प्रात्यक्षिक होऊन चहा घेऊन तो निघून जातो. त्याऐवजी रोज यंत्र वापरणाऱ्या डॉक्टरने त्याच्यासोबत दोन तास बसून आपल्या विभागाचे प्रीसेट तयार करून घ्यावेत: कंपाउंड आणि हार्मोनिक बंद असलेला ‘फुफ्फुस’, तीन-चार सेंटिमीटर खोलीचा ‘सेंट्रल लाइन’, आणि ज्यात मूत्राशयामागचा जादा उजेड कमी केलेला आहे असा ‘अपघात-पोट’. शेवटचा आवर्जून सांगतो, कारण भरलेल्या मूत्राशयातून लहरी जवळजवळ न विरता जातात, त्याच्या मागचा भाग पांढराफटक दिसतो आणि तिथे साचलेले थोडेसे रक्त त्या उजेडात हरवते. हे प्रीसेट यंत्रात साठवून त्यांची नावे पहिल्या पानावर घेता येतात आणि त्याला वेगळा खर्च येत नाही.

देखभालीच्या करारात प्रोबचा स्पष्ट उल्लेख असावा, कारण पुष्कळ करारांत यंत्र येते आणि प्रोब वगळलेला असतो, तर पडतो आणि तुटतो तो प्रोबच. एकदा पडलेल्या प्रोबचे काही स्फटिक निकामी होतात आणि चित्रात कायमचा उभा काळा पट्टा येतो, तो फासळीची सावली समजून लोक वर्षानुवर्षे वापरत राहतात. कागदाला लावायची धातूची क्लिप प्रोबच्या कोरड्या तोंडावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवली, तर पडद्यावर उजेड तिच्यासोबत सरकतो, आणि जिथे तो नाहीसा होतो तिथले स्फटिक मेलेले असतात. महिन्यातून एकदा कोणत्याही परिचारिकेला ही तपासणी करता येईल. तिची नोंद ठेवण्यासाठी यंत्राच्या वहीत एक रकाना वाढवावा, एवढी विनंती सर्व रुग्णालयांच्या प्रशासनाला आपल्या माध्यमातून करतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ, सातारा जिल्हा